जाहिरातीतला आकडा आणि दाराच्या खांबावरचा स्टिकर

पिकअप म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर मार्केट यार्डात पहाटे कांद्याच्या गोण्या उतरवणारी छोटी मालगाडी उभी राहते. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. तेथील पूर्ण आकाराची पिकअप म्हणजे साडेपाच ते सहा मीटर लांबीची, रिकामी असतानाच दोन-अडीच टन भरणारी, आत पाच-सहा माणसे बसवणारी आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. फोर्डची एफ मालिका, शेवरोलेची सिल्व्हरॅडो, रॅम, टोयोटाची टुंड्रा ही त्यातली ठळक नावे. फोर्डची एफ मालिका तर १९७७ पासून अमेरिकेतली सर्वाधिक खपणारी पिकअप म्हणून मिरवते.

या गाडीचे तेथील मुख्य आकर्षण म्हणजे तिची ओढण्याची ताकद. मागे हिच लावायचा, ट्रेलर जोडायचा आणि निघायचे. कोणी घोडे नेतो, कोणी होडी, कोणी चाकांवरचे फिरते घर, कोणी गवत कापायची यंत्रे, तर कोणी दुसऱ्याच्या मोटारी. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एकच आकडा असतो : इतके हजार पौंड ओढते! परंतु ज्यांनी ही गाडी घेऊन खरोखर ओझे ओढले, त्या मालकांचे अनुभव पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. गाडी विकत घेताना त्यांनी जो आकडा पाहिला, त्या आकड्यात त्यांची स्वतःची बायको-मुले किंवा त्यांच्याबरोबर कामावर जाणारे मजूर धरलेलेच नव्हते.

वाचकहो, ही गोष्ट केवळ अमेरिकन गाड्यांच्या हौशी लोकांपुरती नाही. यंत्राची ताकद मोजताना माणसाचे वजन कोण धरतो आणि कोण सोडून देतो, हा प्रश्न चाकावर पोट असणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून हा हिशोब मुळापासून समजून घेऊ.

ओढणारे किती आणि मिरवणारे किती?

या गाड्यांचे साधारण तीन वर्ग आहेत. त्यांना बोलीभाषेत अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन म्हणतात. एफ-१५० किंवा रॅम १५०० हा पहिला वर्ग, २५० किंवा २५०० हा दुसरा आणि ३५० किंवा ३५०० हा तिसरा. ही नावे जुन्या काळात गाडी हौद्यात किती माल घेत असे त्यावरून पडली. आज अर्धा टनवाली गाडीही त्याहून बरेच जास्त घेते, पण नाव तेच राहिले. तिसऱ्या वर्गात मागच्या कण्याला दोनऐवजी चार चाके असलेल्या गाड्याही मिळतात आणि त्या योग्य ट्रेलर लावून पंधरा-सोळा टनांपर्यंत ओढतात, असे कंपन्या सांगतात.

आता एवढी ताकद वापरतो कोण? स्ट्रॅटेजिक व्हिजन या बाजार-संशोधन संस्थेची पाहणी २०१९ साली चर्चेत आली होती. तिच्यानुसार अमेरिकेतील सुमारे ७५ टक्के पिकअप मालक वर्षातून एकदा किंवा एकदाही ट्रेलर ओढत नाहीत. म्हणजे चारांतले तिघे ताकदीचे पैसे मोजतात आणि ती दारात उभी करून ठेवतात. नव्या पूर्ण आकाराच्या पिकअपची सरासरी किंमत आता ६० हजार डॉलरच्या वर गेली आहे. कामाचे हत्यार म्हणून जन्मलेल्या गाडीत चामड्याच्या खुर्च्या, काचेचे छप्पर आणि आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या आल्या, त्याचे कारण हेच आहे. गिऱ्हाईक बदलले तशी गाडी बदलली.

यामागे सरकारी धोरणही आहे. १९६० च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली. त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परदेशी हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के कर लावला. तो १९६४ पासून लागू झाला. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विसरले गेले, परंतु ‘चिकन टॅक्स’ या नावाने तो कर टिकून राहिला आणि त्याच्या आडोशाला अमेरिकन कंपन्यांनी पिकअपच्या बाजारावर पकड बसवली. शिवाय एकूण अनुज्ञेय वजन ६,००० पौंडांपेक्षा (सुमारे २,७२० किलो) जास्त असलेली गाडी धंद्यासाठी घेतली तर आयकरात मोठी सवलत मिळते. जड गाडी घेणाऱ्याला अशा रीतीने कायद्यानेच हात दिला.

आकडा तयार कसा होतो?

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ओढण्याची क्षमता ठरवत असे. एकाने आकडा वाढवला की दुसरा त्याच्या पुढे जाई. अखेर अभियंत्यांच्या एसएई या संघटनेने २००८ साली जे-२८०७ हे मानक तयार केले. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते प्रथम स्वीकारले आणि तसे करताना टुंड्राचे जाहीर आकडे शेकडो पौंडांनी खाली आणले. बाकीच्या मोठ्या कंपन्यांना यायला आणखी काही वर्षे लागली. यातील गोम उघड आहे. जो प्रथम खरे बोलेल त्याची गाडी कागदावर दुबळी दिसणार होती.

या मानकातली चढाची परीक्षा ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, पायथ्याशी किमान ३८ अंश उष्णता, गाडीतले एसी पूर्ण चालू आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे यात शंका नाही. इंजिन, गिअर आणि रेडिएटर यांचा कस त्यात लागतो.

परंतु या परीक्षेत गाडीत बसतो कोण? मानकानुसार एक चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. ट्रेलरच्या दांडीचा गाडीवर पडणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या फक्त १० टक्के धरतात. हिचच्या सामानासाठी थोडी सूट असते. मुले, कुत्रा, सायकली, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, मागच्या सीटवरचे तीन मजूर यांना त्यात जागा नाही. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. तो दोन सडपातळ माणसांच्या रिकाम्या गाडीचा आकडा असतो, आणि ही गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही.

स्टिकरचा हिशोब

खरा आकडा चालकाचे दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या एका छोट्या स्टिकरवर असतो. त्यावर लिहिलेले असते की माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलोच्या वर जाता कामा नये. याला पेलोड म्हणतात. हा आकडा मॉडेलपुरता नसून त्या विशिष्ट गाडीचा असतो, कारण कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय बसवले यावर तो ठरतो.

आता एक साधे गणित करू. समजा, चार माणसांच्या कुटुंबाने सगळ्या सुखसोयींची अर्धा टन पिकअप घेतली. जाहिरात सांगते पाच टन ओढते. कुटुंबाने ३,२०० किलोचे फिरते घर घेतले आणि मनात म्हटले, क्षमतेच्या बरेच आत आहोत. स्टिकरवर पेलोड आहे ६४० किलो. अशा ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार दांडीतून गाडीवर आलाच पाहिजे, नाहीतर ट्रेलर सरळ चालत नाही. १३ टक्के धरले तर ४१६ किलो झाले. हिचचे लोखंड ४० किलो. चार माणसे २८० किलो. सायकली आणि सामान ६० किलो. बेरीज ७९६ किलो. म्हणजे ओढण्याची क्षमता दीड टनाहून जास्त शिल्लक असताना गाडी १५६ किलोने जादा भरली आहे!

पहिल्या लांबच्या प्रवासानंतर मालकांना जो धक्का बसतो तो हाच. गाडीचा मागचा भाग खाली बसतो, पुढचा वर उचलला जातो, स्टिअरिंग हलके लागते आणि रात्री हेडलाईट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. मग कोणी मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या लावतो. त्याने गाडी सरळ दिसू लागते, पण कण्याची, चाकांची आणि टायरची सहनशक्ती एका किलोनेही वाढत नाही. भार वाटून देणारा हिच मिळतो, तो दांडीचा काही भार पुढच्या कण्यावर ढकलतो आणि स्टिअरिंग सुधारते. पण स्टिकरवरचा आकडा त्यानेही वाढत नाही.

यातली दुसरी गंमत अशी की जितकी महागडी गाडी तितका तिचा पेलोड बहुधा कमी. काचेचे छप्पर, विजेच्या पायऱ्या, जड खुर्च्या हे सगळे त्याच ठरलेल्या वजनातून वजा होते. त्याच कंपनीची साधे सीट असलेली कामकरी गाडी स्वस्तही असते आणि बऱ्याचदा ओझेही जास्त पेलते. अनुभवी मालक म्हणूनच दुकानात गेल्यावर आधी चमक पाहत नाहीत, दार उघडून स्टिकर वाचतात.

चढ सोपा, उतार कठीण

नवखा मालक विचारतो, चढ चढेल का? मुरलेला मालक विचारतो, उतारावर थांबेल का? डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्ग रॉकी पर्वतात सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद नाहीशी होते. टर्बो असलेली इंजिने तेथे बरी टिकतात. पण खरी कसोटी बोगदा ओलांडल्यावर लागते. कित्येक किलोमीटर सात टक्क्यांच्या आसपासचा उतार आहे आणि मागून तीन-चार टनांचा ट्रेलर ढकलत असतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, पकड सोडतात आणि पेडल दाबूनही काही होत नाही. ब्रेक गेलेल्या मोठ्या मालट्रकांसाठी त्या रस्त्यालगत वाळू-खडीचे चढते मार्ग बांधून ठेवले आहेत, यावरून धोका कळतो.

म्हणून तेथील जाणकार सांगतात की उताराच्या आधीच वेग कमी करा, खालचा गिअर घ्या, इंजिनाला गाडी रोखू द्या आणि ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून सोडा. डिझेल गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक असतो, त्याची या ठिकाणी मोठी मदत होते. ट्रेलरलाही स्वतःचे ब्रेक लागतात आणि बहुतेक राज्यांत ठराविक वजनानंतर ते कायद्याने सक्तीचे आहेत. हे ब्रेक किती जोराने लागावेत हे चालकाजवळचा कंट्रोलर ठरवतो. तो प्रत्येक ओझ्यानुसार जुळवावा लागतो. रिकाम्या ट्रेलरसाठी जुळवलेला कंट्रोलर भरलेल्या ट्रेलरला पुरत नाही.

दुसरा धोका हेलकाव्यांचा. ट्रेलरमध्ये जड सामान मागच्या बाजूला ठेवले की दांडीवरचा भार कमी होतो. मग बाजूने मोठा ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. प्रत्येक झोक्याबरोबर तो वाढत जातो आणि शेवटी ट्रेलर गाडीलाच फिरवतो. अशा वेळी घाबरून गाडीचा ब्रेक दाबणे किंवा वेग वाढवणे घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि कंट्रोलरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर ताणला जाऊन सरळ होतो. ज्यांनी एकदा हा अनुभव घेतला ते पुढे सामान लावताना फार काळजी घेतात.

खिशावरचा भार

ट्रेलर जोडल्यावर इंधनाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, हा बहुतेक मालकांचा अनुभव आहे. त्यात वजनापेक्षा वाऱ्याचा अडथळा जास्त कारणीभूत असतो. उंच, सपाट तोंडाचे फिरते घर हलके असले तरी इंधन खाते. डिझेल इंजिन ओढायला उत्तम, पण ते घ्यायचे तर साधारणतः दहा हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून जास्त रक्कम जादा मोजावी लागते. धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडली किंवा उच्च दाबाचा इंधन पंप आतून फुटून त्याचे धातूचे कण सगळ्या नळ्यांत गेले, तर हजारो डॉलरचे बिल येते.

विजेवरच्या पिकअपनेही हाच धडा दिला. २०२२ साली एफ-१५० लाइटनिंग बाजारात आली तेव्हा तिच्या झटक्यात उचलणाऱ्या मोटारीचे मोठे कौतुक झाले. ओढताना ती खरोखर सहज ओढते. परंतु मोठा ट्रेलर लावला की एका चार्जवरचे अंतर निम्म्यावर येते. शिवाय बहुतेक चार्जिंग केंद्रे ट्रेलरसह गाडी लावण्याजोगी नाहीत. प्रत्येक थांब्यावर ट्रेलर सोडायचा, चार्ज करायचे आणि पुन्हा जोडायचा, हे रोजच्या कामाला परवडत नाही.

टायरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ट्रेलरचे टायर वर्षातले अनेक महिने उभे राहून, उन्हात वाळून निकामी होतात, नक्षी मात्र नवीन दिसते. टायरवरच्या चार आकडी संकेतात तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला हे लिहिलेले असते. हे वाचणारा मालक रस्त्यात अडकण्याची शक्यता कमी.

ज्यांचे पोट त्यावर आहे

हौशी माणसाला शंका आली तर तो सहल रद्द करू शकतो. बागकाम, गवंडीकाम, छपराचे काम करणाऱ्या छोट्या ठेकेदाराला तशी मुभा नाही. त्याचे गणितही करून पाहू. साधी कामकरी पिकअप, पेलोड ८५० किलो. मागे यंत्रांचा ३,००० किलोचा ट्रेलर, त्याचा दांडीचा भार १२ टक्क्यांनी ३६० किलो. पाच धडधाकट माणसे ४०० किलो. हत्यारे आणि इंधनाचे कॅन १२० किलो. बेरीज ८८० किलो. म्हणजे कामाला निघतानाच गाडी मर्यादेबाहेर आहे आणि हे दररोज घडते. अपघात झाला तर जाहिरात करणाऱ्याला कोणी विचारत नाही. वजन जास्त का होते याचा जाब मालक-चालकालाच द्यावा लागतो. आणि मागच्या सीटवर बसलेल्या मजुराला तर आपण बसल्यामुळे गाडी जादा भरली हे माहीतही नसते.

एक टन वर्गाची गाडी कर्जावर घेऊन लांब ट्रेलरवर मोटारी किंवा यंत्रे पोचवणारा असाच एक वर्ग आहे. त्या धंद्याला तेथे हॉटशॉट म्हणतात. गाडी आणि १०,००० पौंडांपेक्षा जड ट्रेलर यांची मिळून अनुज्ञेय मर्यादा २६,००१ पौंड (सुमारे ११,७९४ किलो) झाली की व्यावसायिक चालक परवाना लागतो. म्हणून अनेक जण मुद्दाम त्या रेषेच्या आत राहतात. मग इतक्या आत राहून कमाई होण्यासाठी जास्त फेऱ्या, कमी झोप आणि महागडा विमा हे ओघाने आलेच. गाडी स्वतःच्या नावावर असते, हप्ता बँकेचा असतो आणि भाड्याचा दर तिसराच ठरवतो. मालक हा शब्द येथे फार जपून वापरावा लागतो.

होडी ओढून नेणारे

असे असले तरी या गाडीची निंदा करून भागणार नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आले आणि न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. २००० च्या जनगणनेनुसार त्या शहरातील चौथ्या हिश्शाहून अधिक कुटुंबांकडे कोणतीच मोटार नव्हती आणि त्यांत बहुसंख्य गरीब कृष्णवर्णीय होते. शहर सोडा असा आदेश निघाला, पण सोडून जायचे कशाने याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. त्या वेळी लुईझियानातल्या सामान्य लोकांनी आपल्या पिकअपमागे मासेमारीच्या होड्या जोडल्या आणि पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढले. पुढे त्यांना ‘केजन नेव्ही’ असे नाव पडले. २०१७ साली हार्वे वादळात ह्युस्टन बुडाले तेव्हाही अशाच होड्या ट्रेलरवरून तेथे पोचल्या. गाडी कोणाच्या हातात आहे आणि ती कशासाठी जोडली आहे, यावर तिचे मोल ठरते.

म्हणून मालकांच्या अनुभवातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. तेथे महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. शहाणा मालक ट्रेलर भरून, सगळी माणसे गाडीत बसवून एकदा काट्यावर जातो. पुढचा कणा, मागचा कणा आणि ट्रेलरचे कणे यांचे वेगवेगळे वजन छापील कागदावर घेतो आणि ते आपल्या गाडीच्या मर्यादांशी ताडून पाहतो. थोड्याशा डॉलरांचा हा कागद कितीही मोठ्या जाहिरातीपेक्षा भरवशाचा ठरतो. जास्त भरले तर सामान कमी करतो, नाहीतर वरच्या वर्गाची गाडी घेतो. विक्रेता काय म्हणाला हे त्यात मोजत नाही.

विकणारा आपल्या सोयीचा आकडा मोठ्याने सांगतो आणि आपल्या उपयोगाचा आकडा दाराआड चिकटवतो. तो कायद्याने चिकटवावा लागतो म्हणून तरी चिकटवतो. दार उघडून तो वाचणे, त्यात गाडीत बसणाऱ्या शेवटच्या माणसाचेही वजन धरणे आणि मगच चावी फिरवणे, एवढे मालकाच्या हातात आहे. गाडी अमेरिकेतली असो वा कोठलीही, हा हिशोब दुसरा कोणी आपल्यासाठी करून देणार नाही.